हसताना तोंड वाकडं होतं म्हणून सुरू झालेली तपासणी, थेट फिटच्या ऑपरेशनपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीचा ऑपरेशननंतरचा वर्षाचा फॉलोअप झाला. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबचं, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या भागाचं ऑपरेशन झालं, फिट्ससाठी. मधल्या काळात ओळखीतल्या आणि त्यांच्याही ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले, कुठं गेलात, किती खर्च आला, भीती वाटली नाही का, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतोय. तिला विचारूनच लिहितोय, फक्त नाव टाकू नको म्हणाली. मी डॉक्टर नाही, जे डॉक्टरांनी समजावलं आणि जे आम्ही बघितलं तेवढंच लिहिणार आहे.

आधी मागचं थोडं. ती दीड वर्षाची असताना तापात तिला मोठी फिट आली होती, बराच वेळ थांबेना, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी तसंच उचलून सिव्हिलला नेलं होतं. नंतर काही नाही, सगळे विसरून गेले. आठवीत असताना नवीनच प्रकार सुरू झाला. बोलता बोलता थांबायची, एकटक बघायची, तोंडाने काहीतरी चघळल्यासारखं करायची, आवंढे गिळायची आणि डाव्या हाताने ओढणीचं टोक चोळत बसायची. मिनिटभरात संपायचं, पण त्यानंतर पाच-दहा मिनिटं बोलणं नीट यायचं नाही. त्याआधी पोटातून काहीतरी वर येतंय असं तिला वाटायचं, त्याला ऑरा म्हणतात हे फार उशिरा कळलं, तोवर आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत होतो. हातपाय झाडून पडणं, तोंडाला फेस असलं काही नव्हतं त्यामुळे ही फिट आहे हे घरात कुणाला पटतच नव्हतं. शाळेत बाई म्हणायच्या लक्ष नसतं.

पुढची वर्षं गोळ्यांत गेली. फेनिटोइन दिलं तर हिरड्या सुजून दातांवर यायला लागल्या, ते बंद करून कार्बामाझेपिन, मग लेव्हेटिरासिटाम वाढवलं तर चिडचिड एवढी की घरात बोलायची सोय राहिली नाही, मग क्लोबाझाम जोडलं. महिन्याला चार-पाच अटॅक तरी यायचेच. दोन योग्य औषधं व्यवस्थित डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधाला न जुमानणारी एपिलेप्सी (फिटचा आजार) म्हणतात, ही व्याख्या एपिलेप्सीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्येच नक्की केलेली आहे, आणि त्या टप्प्यावर ऑपरेशनचा विचार होऊ शकतो का हे तपासायला मोठ्या सेंटरला पाठवायचं असतं. आम्हाला हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी तिसऱ्या चौथ्या गोळीवर असेल तर आपल्या डॉक्टरांना हे स्वतःहून विचारा.

आता चेहऱ्याचं. डिसेंबर २०२१ मध्ये चुलतभावाचा साखरपुडा होता, त्याचे फोटो ग्रुपवर आले आणि मावशीचा फोन आला, पोरीचं तोंड वाकडं दिसतंय, लकवा बिकवा तर नाही ना. बघितलं तर खरंच, जिथं जिथं ती खळखळून हसलीय तिथं ओठाचा डावा कोपरा वर गेलेला आणि उजवा मागे राहिलेला. पोज देऊन काढलेल्या फोटोत मात्र काहीच नाही. घरात घबराट. दुसऱ्या दिवशी जवळच दाखवलं तर चेहऱ्याच्या नसेचा लकवा म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या आणि गालाला करंटची ट्रीटमेंट लिहून दिली. कपाळाला आठ्या येतायत का, डोळा घट्ट मिटतोय का हे कुणी बघितलंसुद्धा नाही. चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही आणि डोळाही पूर्ण मिटत नाही, हिचं दोन्ही व्यवस्थित होतं. तीन आठवडे करंट घेतला, फरक शून्य.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. तोंड अचानक, आत्ता तासाभरापूर्वी वाकडं झालं असेल, सोबत हात उचलत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल तर माझा लेख वाचत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा, तो स्ट्रोक असू शकतो. फिट येऊन गेल्यावरही काही वेळ एक बाजू लुळी पडू शकते पण ते घरी बसून ठरवायचं काम नाही. आमच्याकडे तसं नव्हतं. जुने अल्बम काढले तर अकरावीतल्या सहलीच्या फोटोतही तेच हसू, म्हणजे वर्षानुवर्षं असंच होतं आणि आम्हाला रोज बघून सवय झाली होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मिरजेला एका न्यूरोलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. हे पहिलं ठिकाण जिथं गोळ्यांची यादी बघायच्या आधी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं गेलं. मॅडम म्हणाल्या दात दाखव. दाखवले, दोन्ही बाजू सारख्या. गाल फुगव, सारखे. भुवया वर कर, सारख्या. मग फाईल बाजूला ठेवली आणि तिच्याशी कॉलेजच्या गप्पा सुरू केल्या, होस्टेलच्या मेसमधल्या आमटीवरून कायतरी निघालं आणि ती खरोखर हसली, तेव्हा मॅडम नुसत्या बघत राहिल्या. मला म्हणाल्या, दिसलं का, उजवा कोपरा उशिरा उठला आणि कमी उठला. मग कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं की हसण्याचे मेंदूत दोन रस्ते आहेत. मुद्दाम दात दाखवायची आज्ञा मेंदूच्या वरच्या, हालचालीच्या भागातून डांबरी रस्त्याने येते, आणि मनापासून येणारं हसू आतल्या भावनांच्या भागातून पायवाटेने येतं. टेम्पोरल लोबच्या आतल्या भागात बिघाड असेल तर डांबरी रस्ता शाबूत राहतो आणि पायवाट अडते, तीसुद्धा विरुद्ध बाजूच्या चेहऱ्याची, म्हणजे उजवीकडचं हसू कमी तर संशय डाव्या टेम्पोरल लोबवर. ही काही नवीन गोष्ट नाही, १९७७ साली मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी टेम्पोरल लोब एपिलेप्सीच्या पेशंटमधली ही चेहऱ्याची खूण लिहून ठेवली होती.

त्या लगेच हेही म्हणाल्या की एवढ्यावरून काही ठरत नसतं. जवळपास प्रत्येकाचा चेहरा थोडाफार असमान असतो, निरोगी माणसांचंही हसू एकीकडे झुकतं. ही खूण बाकीच्या गोष्टींशी जुळली तर तिला अर्थ. आणि जुळत होतं. अटॅकमध्ये ओढणी चोळणारा हात डावा, आणि त्याच वेळी उजवा हात मनगटातून वाकडा होऊन ताठ होतो का असं त्यांनी आईला विचारलं, आई म्हणाली होय, होतो की, पण आम्हाला वाटायचं ती तो हात दाबून धरते. चोळणारा हात सहसा बिघाडाच्या बाजूचा आणि ताठ होणारा विरुद्ध बाजूचा असतो. अटॅकनंतर शब्द न सापडणं हेही डावीकडेच बोट दाखवतं.

मी आदल्या रात्री मोबाईलवर काय काय वाचून ठेवलं होतं. पॅरी-रॉम्बर्ग नावाचा एक दुर्मिळ आजार असतो, त्यात चेहऱ्याची एक बाजू हळूहळू वाळत जाते आणि काहींना फिट्सही येतात. भीत भीत तो विषय काढला. मॅडमनी टाळलं नाही, तिला शांत बसवून दोन्ही गाल चिमटीत धरून बघितले, कपाळ बघितलं, जिभेच्या दोन्ही बाजू बघितल्या. म्हणाल्या त्यात कातडी आणि खालची चरबी झिजते, चेहरा गप्प असतानाही खोलगट दिसतो. हिचा चेहरा गप्प असताना सारखा आहे, फरक फक्त हसताना. मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. तुम्हीही काही वाचून घाबरला असाल तर डॉक्टरांसमोर बोलून टाका, मनात ठेवून कुढण्यापेक्षा बरं.

मग एमआरआय. आधीचा एक होता, रिपोर्ट नॉर्मल. मॅडमनी ३ टेस्ला म्हणजे जास्त ताकदीच्या मशिनवर एपिलेप्सी प्रोटोकॉल असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून दिलं, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आत आठवणींचं काम करणारा जो हिप्पोकॅम्पस असतो त्याच्या लांबीला काटकोनात बारीक बारीक स्लाइस घेतात. साधारण नऊ हजार लागले. सेंटरवर गेल्यावर काउंटरला चिठ्ठीतला तो शब्द दाखवून खात्री करून घ्या, नाहीतर साधा ब्रेन एमआरआय करून मोकळे होतात. रिपोर्टमध्ये आलं, डावा हिप्पोकॅम्पस आकसलेला, यालाच मेझिअल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणतात. लहानपणच्या त्या तापातल्या लांबलेल्या फिटशी याचा संबंध असू शकतो असं सांगितलं. आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

एप्रिलमध्ये मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या एपिलेप्सी ओपीडीला गेलो. नाव लिहीत नाही कारण अनुभव ज्याचे त्याचे वेगळे असतात. मुंबईच्या बाहेरही पर्याय आहेत, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पासून ही ऑपरेशनं होतात, दिल्लीला एम्स, बंगळुरूला निम्हान्स. आम्हाला सांगलीहून मुंबई सोपी पडत होती आणि भाषेचा प्रश्न नव्हता. प्रवासाबद्दल एक, आम्ही महालक्ष्मीने रात्री निघालो, झोप झाली नाही आणि सकाळी ओपीडीच्या रांगेतच तिला अटॅक आला. अपुऱ्या झोपेने फिट येते. पुढच्या वेळेपासून आदल्या दिवशी दुपारीच पोचायला लागलो, दादरला नातेवाईकांकडे मुक्काम.

केसपेपर सकाळी सातला रांग, नंबर लागायचा दुपारी बारानंतर, आणि डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त काम केलं ते दोन व्हिडिओंनी, एक अटॅकचा आणि एक ती भावाच्या पोराशी खेळताना हसतेय तो. अटॅकचा व्हिडिओ काढताना तोंड आणि दोन्ही हात फ्रेममध्ये येऊ द्या आणि संपल्यावर लगेच बंद करू नका, तिच्याशी बोलत रहा, बोलणं कधी परत येतं ते डॉक्टरांना हवं असतं. व्हिडिओ ईईजीची (मेंदूच्या लहरींचा आलेख आणि त्याच वेळी पेशंटचा व्हिडिओ) तारीख मिळाली ऑगस्टची. चार महिने. काहीच करता येत नाही, वाट बघायची. मी दर पंधरा दिवसांनी फोन करून कुणाची तारीख रद्द झालीय का विचारायचो, उपयोग झाला नाही पण क्लार्क ताई ओळखायला लागल्या आणि त्याचा पुढे फायदा झाला.

ऑगस्टमध्ये ॲडमिशन. महिला वॉर्ड, त्यामुळे सोबत बाईच लागते, आई आत आणि मी बाहेर. डोक्यावर पेस्ट लावून वायरी चिकटवतात आणि वर बँडेज गुंडाळतात. केस आदल्या दिवशी धुऊन तेल न लावता न्यायचे. भिंतीवरचा कॅमेरा चोवीस तास चालू. गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात, कारण अटॅक यावा हीच इच्छा असते, आणि हे फक्त तिथंच, त्यांच्या देखरेखीत, घरी असलं काही करायचं नाही. इतकी वर्षं अटॅक येऊ नये म्हणून देव पाण्यात घातलेले आणि आता आई तो यावा म्हणून जागी बसलेली, तिला फार जड गेलं ते. अटॅक आला की बटण दाबायचं, अंगावरची चादर बाजूला करायची आणि कॅमेऱ्याच्या आड उभं रहायचं नाही, हे आधीच शिकवतात.

तिसऱ्या रात्री आला. टेक्निशियन धावत आला, तिला म्हणाला हात वर करा, लाल गाडी हे शब्द लक्षात ठेवा. डावा हात चादर चोळतोय, उजवा ताठ. संपल्यावर पेन दाखवून विचारलं हे काय. ती पेनाकडे बघते, ओळखते हे डोळ्यांत दिसतंय, हाताने लिहायची खूण करते, पण शब्द येत नाही. सात मिनिटांनी म्हणाली पेन. लाल गाडी काही आठवली नाही. डॉक्टरांनी नंतर स्क्रीनवर आलेख दाखवला, डाव्या टेम्पोरलपासून सुरुवात झालेली अगदी आम्हालाही दिसत होती. ॲडमिशनमध्ये आणखी अटॅक पकडले, सगळे तिथूनच.

सप्टेंबरात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे लांबलचक टेस्ट, जवळपास अख्खा दिवस. मराठीतल्या साध्या शब्दांची यादी परत परत वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. तिला फार थोडे आठवले, बाहेर येऊन रडली, म्हणाली दादा मी ढ आहे का. चित्रं मात्र तिने हुबेहूब काढली होती. टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी समजावलं की शब्दांची आठवण बहुतेकांत डावीकडे असते आणि तिथला हिप्पोकॅम्पस आधीच काम करेनासा झालाय, त्यामुळे तो काढल्याने होणारं नुकसान तुलनेने कमी. शाळेत पाठांतर का जमायचं नाही त्याचं उत्तर तिला तेव्हा मिळालं. या टेस्टला पेशंटने नाश्ता करून, झोप काढून, चष्मा घेऊन जायचं. भाषेचा भाग कुठे आहे ते बघायला फंक्शनल एमआरआय झाला. मेंदूचा पेट (PET) स्कॅन बाहेरून करावा लागला, अठरा हजारांच्या आसपास गेले.

ऑक्टोबरमध्ये सगळ्या डॉक्टरांची मीटिंग आणि मग आम्हाला बोलावलं. सर्जन सरांनी आकडे सांगितले. २००१ मध्ये कॅनडातला ८० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना नुसती औषधं. वर्षाने ऑपरेशनवाल्यांपैकी ५८ टक्के भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त, औषधवाल्यांपैकी ८ टक्के. म्हणजे खात्री नाही, पण फरक मोठा. धोकेही सांगितले, शब्द आठवायला त्रास, नजरेचा वरचा एक कोपरा जाऊ शकतो, इन्फेक्शन, रक्तस्राव. आणि एक प्रश्न तिनेच विचारला, माझं हसू सरळ होईल का. सर म्हणाले ते धरून चालू नकोस, ऑपरेशन फिटसाठी आहे. मला हे फार आवडलं. आण्णांचा विरोध होता, डोकं उघडणार म्हणून. शेवटी ती म्हणाली डोकं माझं आहे, मी ठरवते.

कागदांचा भाग. महात्मा फुले योजनेत आमचं ऑपरेशन बसलं, तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती, नंतर ती पाच लाख केली. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असतं, सुरुवात तिथूनच करा. आमच्या केशरी रेशनकार्डावर तिचं नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं, त्यात तहसीलच्या फेऱ्या आणि नोव्हेंबर महिना गेला. ॲडमिशनची तारीख मिळायच्या कितीतरी आधी हे जुळवून ठेवा. मंजुरी आल्यावर रक्तदाते आणा म्हणाले, गावातली पोरं रात्रीच्या गाडीने आली, त्यांचे उपकार विसरणार नाही. योजनेत न बसलेलं सगळं धरून, म्हणजे तपासण्या, प्रवास, रहाणं, खाणं, आमच्या खिशातून सव्वा लाखाच्या आसपास गेले.

ऑपरेशन सकाळी आठला आत नेलं, दुपारी अडीचला सर बाहेर आले. त्या वेळाबद्दल लिहायला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर डावा डोळा सुजून पूर्ण बंद, आणि सूज उतरल्यावर नवीनच गोष्ट, डावी भुवई वर जाईना. आई घाबरली, आता ही बाजू पण गेली का. हे वेगळं असतं. कानाच्या पुढून छेद घेतात तिथून कपाळाकडे जाणारी चेहऱ्याच्या नसेची बारीक फांदी जाते, ती ताणली जाते. बहुतेकांची भुवई काही महिन्यांत परत येते, तिची जूनपर्यंत आली. जबडाही उघडत नव्हता कारण चावायचा स्नायू बाजूला केलेला असतो, दोन आठवडे पेज, मऊ भात, ज्यूस स्ट्रॉने, आणि रोज आरशासमोर तोंड उघडायचा व्यायाम. कानशिलाजवळ थोडा खड्डा पडला तो अजून आहे, केस वाढल्यावर दिसत नाही. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

शब्दांचं म्हणाल तर पहिले तीन महिने त्रास झाला. सांडशी मागायची असली की ते गरम धरायचं दे असं म्हणायची. आम्ही पटकन शब्द पुरवायचो, स्पीच थेरपिस्टने सांगितलं थांबा, तिला शोधू द्या. आता बरंच कमी झालंय. उजवीकडे वरच्या कोपऱ्यातलं दिसत नाही, तिला स्वतःला जाणवत नाही, पण स्वयंपाकघरातल्या त्या बाजूच्या उघड्या कपाटाचं दार दोनदा डोक्याला लागलंय.

ऑपरेशननंतर भान हरपणारी फिट आलेली नाही. मार्चमध्ये एकदा पोटातून वर येण्याची भावना आली, काही सेकंदांची, भान गेलं नाही, डॉक्टरांना कळवलं. गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झालं म्हणून गोळ्या बंद होत नाहीत, दोन वर्षांनी कमी करायचा विचार करू म्हणालेत. स्कूटी शिकायचं तिच्या फार मनात आहे, पण लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट येतात का हा प्रश्न असतो आणि तिथं खोटं लिहायचं नाही हे तिने स्वतःच ठरवलंय. स्थळांचं बोलणं सुरू झालं की अजूनही कुणीतरी म्हणतं लपवा. आम्ही लपवणार नाही. १९९९ मध्येच हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख काढून टाकलाय, लोकांच्या डोक्यातून निघायचा बाकी आहे.

हसू अजून डावीकडेच झुकतं. पूर्वी फोटोत ती तोंडावर हात धरायची, आता धरत नाही.

फाईलबद्दल शेवटचं. एमआरआयच्या फिल्म आणि सीडी दोन्ही ठेवा, नुसता रिपोर्ट कुणी बघत नाही. अटॅकची वही ठेवा, तारीख, वेळ, पाळीची तारीख, गोळी चुकली होती का. चेहऱ्याबद्दल दाखवायचं असेल तर वयानुसार पाच-सहा जुने फोटो न्या, हसरे आणि गप्प असे दोन्ही. मूळ केसपेपर लॅमिनेट करू नका, प्रत्येक फेरीला त्यावर शिक्का आणि तारीख मारतात. आणि रेशनकार्डाच्या सहा झेरॉक्स घेऊनच घरातून निघा, हॉस्पिटलसमोरच्या दुकानात दुपारी हमखास लाईट जाते.